हळदीचा लाल डाग आणि केळीचा चीक

लग्नसराई संपली की भारी कपडे कपाटात जायच्या आधी ड्रायक्लीनरकडे येतात. घरातले उपाय करून झाल्यावरच बहुतेकांना दुकान आठवतं. आलेल्या प्रश्नांपैकी पाच इथे घेतले आहेत.

प्र. हळदीच्या दिवशी मोतिया रंगाच्या पैठणीवर, काठाच्या चार बोटं वर, ओली हळद लागली. लगेच साबणाच्या पाण्याने पुसलं तर डाग लालभडक झाला. रेशीम जळलं का? (अमळनेर)

उ. रेशीम शाबूत आहे. हळदीत चुना कालवला की कुंकू होतं, तेच तुमच्या पैठणीवर झालं. हळदीतला कर्क्युमिन हा रंग अल्कलीत, म्हणजे चुना-सोड्यासारख्या पदार्थांत, लाल होतो, आणि अंगाचा-कपड्याचा साबण अल्कलीच असतो. एक कप गार पाण्यात एक चमचा पांढरं व्हिनेगर घालून कापसाचा बोळा नुसता टेकवला तर डाग परत पिवळा होईल. अर्थात तो निघाला असं नाही, फक्त मूळ जागी आला. व्हिनेगर जरीला लागू देऊ नका, जर काळवंडते. साडीचा रंग सुटतो का हे आधी आतल्या बाजूच्या कोपऱ्यात पाहा: ओलं पांढरं फडकं मिनिटभर दाबून धरा, फडक्यावर रंग आला तर तिथेच थांबा.

दुकानात काम या क्रमाने चालतं. विधीच्या हळदीत तेल असतं, म्हणून पहिल्यांदा सॉल्व्हंटने (ड्रायक्लीनिंगमध्ये पाण्याऐवजी वापरतात त्या, तेल विरघळवणाऱ्या द्रवाने) तेल काढतात. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतो. म्हणून डागाखाली टिपकागद ठेवून वरून आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडतात आणि ब्रश आपटल्यासारखा हलका टेकवतात. कागदावर पिवळं उतरलं की कागद सरकवून कोरी जागा डागाखाली घ्यायची. हे दहा-बारा वेळा करावं लागतं. उरलेल्या फिकट छटेला ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, पाचेक मिनिटं, मग पाण्याने नीट धुऊन काढणं. मेडिकलमध्ये मिळणारं पेरॉक्साइड बहुधा ६ टक्क्यांचं असतं, त्यात तेवढंच पाणी घालावं लागतं. मोतिया रंगावर हे चालतं. गडद साडीवर पेरॉक्साइड साडीचाच रंग उडवेल, तिथे अल्कोहोलपर्यंतच थांबणं शहाणपणाचं. क्लोरीनचं ब्लीच तर रेशमावर कधीच नको, ते धागाच खातं.

उन्हात हळद उडते हे खरं आहे. सुती कुर्ता ओला करून जळगाव-धुळ्याच्या उन्हात टाकला तर दोन-तीन दिवसांत डाग जवळपास जातो. पण रेशीम उन्हात पिवळं पडतं आणि कमजोर होतं, तेव्हा पैठणीला हा उपाय नाही.

आणखी एक. ओलं रेशीम घासू नका. ओल्या धाग्याचे बारीक तंतू फुटून उभे राहतात, त्यावरून उजेड वेगळा परततो आणि तिथे पांढुरका पट्टा दिसतो. लोक त्यालाही डाग समजून आणखी घासतात. हळद काढता येते, हा पट्टा काढता येत नाही.

प्र. मांडवाच्या दाराशी केळीचे खुंट बांधले होते. मुलाच्या ऑफव्हाइट शेरवानीला चीक लागला. तेव्हा काहीच दिसलं नाही, दुसऱ्या दिवशी तपकिरी डाग! बोअरच्या पाण्याने साबण लावून धुतलं, आता तो काळपट आहे. (रावेर)

उ. केळीच्या चिकात टॅनिनसारखी द्रव्यं असतात. ती ताजी असताना रंगहीन दिसतात, हवा लागली की तपकिरी होतात. म्हणजे डाग लागतो एका दिवशी आणि दिसतो दुसऱ्या दिवशी. साबणाच्या अल्कलीने हे रंगणं आणखी वेगाने होतं. पाण्यात लोह असेल तर ते टॅनिनशी मिळून काळं पडतं, जुन्या काळी शाई अशीच करायचे. तुमच्याकडे बहुधा दोन्ही झालं.

शेरवानीचं कापड कुठलं, हे आधी पाहा. आतल्या शिवणीतला एक धागा काढून जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि चुरगळणारी काळी गोळी राहिली तर रेशीम. कागद जळल्यासारखा वास आणि भुरभुरीत राख असेल तर व्हिस्कोस, म्हणजे ज्याला आपण आर्ट सिल्क म्हणतो त्यातला एक प्रकार. ओल्या व्हिस्कोसची ताकद जवळपास निम्मी होते, त्यावर ब्रशचा जोर चालत नाही.

दुकानात आधी सौम्य डिटर्जंट, मग पातळ केलेलं ॲसेटिक ॲसिड, दोन्हींच्या मध्ये स्टीम गनने पाणी मारून खालून व्हॅक्यूमने ओढून घेतात. काळेपणा लोहाचा असेल तर ऑक्झॅलिक ॲसिड लागतं. ते विषारी आहे, घरी आणूच नका. उरलेल्या तपकिरी छटेवर सोडियम हायड्रोसल्फाइट हे रंग उडवणारं रसायन, पण हे फक्त पांढऱ्या-ऑफव्हाइट कापडावर. रंगीत शेरवानीचा रंगच जाईल. पंधरा दिवसांपेक्षा जुना, इस्त्री फिरवलेला डाग असेल तर फिकट होईल, पूर्ण जाईल अशी आशा धरू नका. पुढच्या वेळी चीक लागला की डाग दिसायची वाट पाहू नका, लगेच गार पाण्याने टिपा.

प्र. ड्रायक्लीन करून आणलेल्या साडीवर आधी नसलेले पिवळे डाग दिसले. दुकानदार म्हणतो डाग तुमचेच. (धुळे)

उ. दुकानदार खरं बोलत असण्याची शक्यता बरीच आहे. उसाचा रस, सरबत, कोल्ड्रिंक सांडलं आणि वाळलं की साखर दिसत नाही. सॉल्व्हंटमध्ये साखर विरघळत नाही, ती कापडातच राहते, आणि सुकवणीच्या वा इस्त्रीच्या उष्णतेने तपकिरी होते. ड्रायक्लीनिंगच्या आधी तेवढी जागा पाण्याने काढायला हवी होती, पण कुठे सांडलं हे कुणी सांगितलं नाही तर कारागिराला कळणार कसं? साडी उजेडासमोर धरून बोटं फिरवली तर तेवढी जागा कडक लागते. चांगला कारागीर ही तपासणी स्वतः करतो, त्यामुळे थोडा दोष त्याचाही.

प्र. शेवभाजीची तर्री शिफॉनच्या ओढणीवर सांडली. (जळगाव)

उ. पाणी लावू नका. टिपकागदाने तेल टिपून घ्या, वर टाल्कम पावडर टाकून तासभर ठेवा, झटका. मिरचीचा लाल रंग तेलातच विरघळलेला असतो, त्यामुळे ड्रायक्लीनिंगमध्ये तेलाबरोबर तोही निघतो. मागे राहिलं पिवळं तर ती मसाल्यातली हळद, तिचं वर सांगितलंच. सहा महिने कपाटात राहिलेलं तेल मात्र हवेने घट्ट, चिकट होतं आणि सॉल्व्हंटलाही दाद देत नाही.

प्र. टिकल्यांचं काम असलेला घागरा द्यावा का? (शहादा)

उ. कोणत्या सॉल्व्हंटमध्ये, हे विचारून द्या. पर्कमध्ये (परक्लोरोएथिलीन, ड्रायक्लीनिंगचं एक तीव्र सॉल्व्हंट) काही प्लास्टिकच्या टिकल्या वळतात, मण्यांवरचा रंग सुटतो, चिकटवलेले खडे गळतात. आतल्या लेबलवर गोलात ‘एफ’ असेल तर पर्क नको, सौम्य हायड्रोकार्बन सॉल्व्हंट हवं. गोलावर फुली असेल तर ड्रायक्लीनिंगच नको. लेबल नसेल तर शिवणीजवळची एक टिकली आणि एक मणी सोडवून दुकानदाराला द्या, सॉल्व्हंटमध्ये अर्धा तास बुडवून ठेवायला सांगा, आणि ती टिकली पाहिल्यावरच घागरा हातात द्या.