एका तारखेचे अनेक मानकरी: दिनविशेषाविषयी प्रश्नोत्तरे

शाळेच्या परिपाठात फळ्यावर लिहिला जाणारा दिनविशेष हा या वेळच्या प्रश्नोत्तरांचा विषय आहे. नागपूर शहरातील व जिल्ह्यातील विद्यार्थ्यांनी आणि एका शिक्षिकेने विचारलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. दोन घटना एकाच तारखेला आल्या, तर त्यामागे काही कारण असते का, हे कुतूहल यांतील बहुतेक प्रश्नांत आहे. ते मला फार मोलाचे वाटते, कारण या प्रश्नापासूनच इतिहासाचा अभ्यास सुरू होतो.

प्रश्न: दिनविशेष सांगण्यासाठी मुले मोबाइलवरून दहा-पंधरा घटनांची यादी उतरवून आणतात आणि वाचून दाखवतात, पण दुपारपर्यंत त्यांतील एकही घटना त्यांना आठवत नाही. काय करावे? (शिक्षिका, धंतोली)

यादी दोन-तीन घटनांपुरती ठेवावी आणि प्रत्येक घटनेबरोबर "याच दिवशी का?" हा प्रश्न मुलांना विचारावा, असे मी सुचवेन. उदाहरणादाखल २६ नोव्हेंबर ही तारीख घेऊ. आपली मुले परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणतात, तेव्हा २६ नोव्हेंबर १९४९ ही तारीख त्यांच्या तोंडून रोजच येते. मात्र संविधान स्वीकारले गेले त्या दिवसाची ती तारीख आहे, याकडे अनेकांचे लक्ष गेलेले नसते. संविधान त्या दिवशी स्वीकारले, तर प्रजासत्ताक दिन दोन महिन्यांनी, २६ जानेवारीला का, असे मुलांना विचारून पाहावे. नागरिकत्व, निवडणुका यांसारख्या विषयांवरील काही कलमे २६ नोव्हेंबरलाच लागू झाली होती. उरलेले संविधान लागू करण्यासाठी २६ जानेवारी १९५० हा दिवस मुद्दाम निवडण्यात आला, कारण लाहोर काँग्रेसच्या ठरावानुसार २६ जानेवारी १९३० रोजी देशभर पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेण्यात आली होती. म्हणजे एका तारखेचा शोध घेताना दुसरी तारीख सापडते आणि त्या दोहोंमधला धागाही हाती लागतो.

नागपूरच्या मुलांना या तारखेशी जोडलेली आणखी एक घटना अवश्य सांगावी. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी सीताबर्डीच्या टेकड्यांवर आप्पासाहेब भोसले यांचे सैन्य आणि दरबारातील इंग्रजांचे प्रतिनिधी (रेसिडेंट) जेनकिन्स यांच्या बाजूची ईस्ट इंडिया कंपनीची फौज यांच्यात लढाई सुरू झाली. ती दुसऱ्या दिवशी इंग्रजांच्या बाजूने संपली आणि नागपूरच्या राज्याची स्वायत्तता तेथून ढासळत गेली. या लढाईचा आणि संविधानाचा दिवस एक असणे हा निव्वळ योगायोग आहे, आणि तसे मुलांना स्पष्ट सांगावे. तरीही ज्या टेकडीवर परकीय सत्तेने पाय रोवले, त्या सीताबर्डीच्या किल्ल्यात आता भारतीय सैन्य आहे आणि २६ जानेवारी, १ मे व १५ ऑगस्ट या दिवशी तो नागरिकांना पाहण्यासाठी खुला होत आला आहे. मुलांनी तो यांपैकी एखाद्या दिवशी पाहिला, तर या तारखा त्यांना पाठ कराव्या लागणार नाहीत.

याच तारखेला २००८ मध्ये मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला, आणि याच तारखेला १९२१ मध्ये धवलक्रांतीचे शिल्पकार वर्गीस कुरियन यांचा जन्म झाला. शोकाची आणि आनंदाची घटना एका दमात वाचू नये. आधी हुतात्म्यांचे स्मरण करावे, थोडे थांबावे आणि मगच पुढची घटना सांगावी.

प्रश्न: आमच्या घराजवळ दीक्षाभूमीवर दसऱ्याला खूप गर्दी होते, पण काही कार्यक्रम १४ ऑक्टोबरलाही होतात. धम्मचक्र प्रवर्तनाचा खरा दिवस कोणता? (इयत्ता सहावी, लक्ष्मीनगर)

दोन्ही दिवस खरे आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, रविवारी, भदंत चंद्रमणी महास्थविर यांच्याकडून दीक्षा घेतली आणि त्यानंतर लाखो अनुयायांना स्वतः धम्मदीक्षा दिली. त्या दिवशी अशोक विजयादशमी होती. सम्राट अशोकाच्या धम्मस्वीकाराशी जोडलेला हा दिवस बाबासाहेबांनी विचारपूर्वक निवडला होता, आणि १९५६ हे वर्ष भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणाचे २५०० वे वर्ष म्हणूनही जगभर साजरे होत होते. दोन दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, चंद्रपूर येथेही असाच दीक्षा समारंभ झाला.

त्या वर्षी तिथी आणि तारीख एकाच दिवशी आल्या. नंतर मात्र त्या वेगळ्या झाल्या, कारण त्या दोन निराळ्या मोजणीवर चालतात. तारीख सूर्याच्या वर्षाप्रमाणे, म्हणजे ३६५ दिवसांच्या हिशेबाने पुढे जाते, तर तिथी चंद्रावर ठरते आणि बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते. त्यामुळे दसरा दर वर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतो आणि दर दोन-तीन वर्षांनी अधिक मास आला की पुन्हा पुढे जातो. तू अलीकडचीच वर्षे पडताळून पाहा: दसरा २०२२ मध्ये ५ ऑक्टोबरला होता, २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे तो २४ ऑक्टोबरला गेला, २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला आणि २०२५ मध्ये थेट २ ऑक्टोबरला, गांधी जयंती व लालबहादूर शास्त्री जयंतीच्या दिवशी आला. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची नागपुरातील स्थापनाही विजयादशमीचीच, पण १९२५ मध्ये त्या दिवशी २७ सप्टेंबर ही तारीख होती. सुमारे १९ वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा जवळजवळ जुळतात. तुझ्या जन्माची तिथी आईला विचार आणि तुझ्या एकोणिसाव्या वाढदिवशी पंचांग उघडून हे स्वतः तपास.

प्रश्न: एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली आणि व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले तेही त्याच दिवशी. हा योगायोग आहे का? (इयत्ता नववी, गांधीबाग)

नाही, हा दिवस ठरवून निवडलेला होता. दिल्लीत दरबार भरवून ती घोषणा होणार हे आधीच जाहीर झालेले होते, आणि जमशेटजी टाटा यांनी त्याच दिवशी नागपुरातील गिरणी सुरू करून तिला सम्राज्ञीवरून एम्प्रेस हे नाव दिले. घटनेच्या नावातच तारखेचे कारण दडलेले असण्याचे इतके सुबक उदाहरण आपल्या शहरात आहे, याचा मला विशेष आनंद वाटतो.

प्रश्न: आमच्या वर्गात चाळीस मुले आहेत आणि दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. वर्षात ३६५ दिवस असताना असे कसे घडले? (इयत्ता आठवी, महाल)

हे नवल वाटावे असेच आहे, पण गणिताच्या दृष्टीने ते जवळजवळ ठरलेले आहे. तू मनात "माझ्या तारखेला दुसरे कोण?" असा हिशेब करतोस; प्रत्यक्षात वर्गातील प्रत्येक मुलाची इतर प्रत्येकाशी जोडी लावून पाहावी लागते. चाळीस जणांच्या ४० गुणिले ३९ भागिले २, म्हणजे ७८० जोड्या होतात, आणि त्यांपैकी एक जरी जुळली तरी पुरते. म्हणून चाळीस जणांत निदान एक जोडी जुळण्याची शक्यता सुमारे ८९ टक्के असते. केवळ २३ जणांच्या गटातही ती निम्म्याहून थोडी जास्त असते. याउलट, नेमकी तुझीच तारीख वर्गातील दुसऱ्या कोणाची असण्याची शक्यता जेमतेम १० टक्के आहे.

थोर माणसांच्या जयंत्या एका दिवशी येतात त्यामागेही हेच गणित असते. चार्ल्स डार्विन आणि अब्राहम लिंकन हे दोघे तर एकाच वर्षी, एकाच दिवशी, १२ फेब्रुवारी १८०९ रोजी जन्मले, एक इंग्लंडमध्ये आणि दुसरा अमेरिकेत. त्या दिवसात काही विशेष होते असे नाही. या दोघांनी पुढे जे केले, त्यामुळे तो दिवस विशेष ठरला.

प्रश्न: माझे आजोबा, त्यांचे धाकटे भाऊ आणि शेजारचे एक आजोबा या तिघांचाही वाढदिवस १ जूनला असतो. हे कसे शक्य आहे? (इयत्ता पाचवी, काटोल)

बेटा, येथे मात्र वरचे गणित लागू होत नाही. तुझे आजोबा लहान असताना खेड्यापाड्यांत जन्माची तारीख लिहून ठेवण्याची पद्धत सर्वत्र नव्हती. मूल शाळेत आले की गुरुजी त्याच्या उंचीवरून आणि आईवडिलांच्या सांगण्यावरून वयाचा अंदाज करीत आणि प्रवेशासाठी लागणारे वय पूर्ण भरेल अशा बेताने दाखल-खारीज रजिस्टरमध्ये जून महिन्याची पहिली तारीख लिहीत, कारण शाळेचे नवे वर्ष त्या सुमारास सुरू होई. काही गावांत हीच तारीख १ जुलै असे. पुढे तीच तारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, तेथून नोकरीच्या कागदांवर आणि आधार कार्डावर गेली. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ मध्ये झाला आणि त्यानंतर हळूहळू ही स्थिती बदलली.

आजोबांचा खरा दिवस कदाचित अजूनही सापडेल. आपल्या भागात गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची नोंद ठेवीत असे आणि त्या कोतवाल बुकाची नक्कल तहसील कार्यालयातून मिळू शकते. नोंद नसेल, तर घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला विचार. "तो पोळ्याच्या दिवशी झाला" किंवा "मारबत निघाली त्या सकाळी झाला" असे कोणी सांगितले आणि वर्षही ठाऊक असले, तर त्या वर्षीच्या पंचांगातून तारीख नेमकी काढता येते, कारण पोळा श्रावण अमावस्येला असतो आणि मारबतीची, म्हणजे मोठ्या पुतळ्याची, मिरवणूक त्याच्या दुसऱ्या दिवशी निघते. हे काम तू मनावर घेतलेस, तर आजोबांना तुझ्याकडून यापेक्षा चांगली भेट मिळणार नाही.

प्रश्न: गॅलिलिओ वारला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, असे मी वाचले. पण दुसऱ्या पुस्तकात न्यूटनचे जन्मवर्ष १६४३ आहे. कोणते पुस्तक चुकले? (इयत्ता दहावी, हिंगणा)

कोणतेही पुस्तक चुकलेले नाही. त्या काळी युरोपातच दोन दिनदर्शिका चालू होत्या. जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेतील वर्ष खऱ्या सौर वर्षापेक्षा किंचित मोठे असल्याने शतकानुशतके ती ऋतूंच्या मागे पडत गेली. म्हणून १५८२ मध्ये इटली, स्पेन इत्यादी देशांनी ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर ही तारीख धरली. इंग्लंडने हा बदल १७५२ मध्ये केला. त्यामुळे न्यूटनचा जन्म इंग्लंडच्या हिशेबाने २५ डिसेंबर १६४२ चा, पण गॅलिलिओच्या इटलीच्या हिशेबाने ४ जानेवारी १६४३ चा ठरतो. याउलट, गॅलिलिओच्या मृत्यूनंतर बरोबर ३०० वर्षांनी, ८ जानेवारी १९४२ रोजी, स्टीफन हॉकिंग जन्मले हा मेळ पक्का आहे, कारण या दोन्ही तारखा एकाच दिनदर्शिकेतील आहेत. शेक्सपिअर आणि स्पेनचे सर्व्हांटिस हे दोघेही २३ एप्रिल १६१६ रोजी वारल्याचे सांगितले जाते, पण देश दोन आणि दिनदर्शिकाही दोन असल्याने ते दिवस वेगवेगळे होते.

हा फरक आपल्या इतिहासालाही लागू पडतो. शिवाजी महाराजांच्या जन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी आपण १९ फेब्रुवारी १६३० अशी लिहितो, ती जुन्या इंग्रजी दिनदर्शिकेप्रमाणे. नव्या दिनदर्शिकेत तोच दिवस १ मार्च १६३० येतो. म्हणून १७५२ पूर्वीच्या दोन तारखांची तुलना करताना त्या कोणत्या दिनदर्शिकेतील आहेत, हे आधी पाहावे.

प्रश्न: पानिपतची तिसरी लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली असे आजी सांगते. ते खरे आहे का? (इयत्ता सातवी, उमरेड)

लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी, पौष शुद्ध अष्टमीला झाली, हे निश्चित आहे. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते, म्हणून तेव्हाही ती त्याच दिवशी असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु संक्रांत ज्या नाक्षत्र, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या, वर्षाप्रमाणे ठरते, ते आपल्या दिनदर्शिकेतील वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे असल्याने संक्रांत दर ७० वर्षांच्या आसपास एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी झाला, आणि तो दिवस मकर संक्रांतीचा होता. त्याच्याही शंभर वर्षे मागे गेल्यास संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते. म्हणजे पानिपतावर आपले सैन्य उपाशीपोटी लढायला उतरले, तेव्हा संक्रांत होऊन गेलेली होती. आजीला हे सांगताना तिची गोष्ट खोडून काढू नकोस; त्या पराभवाचे दुःख मराठी घरांनी किती काळ मनात जपले, हे तिच्या सांगण्यातून कळते, आणि तेही खरेच आहे.

प्रश्न: माझा वाढदिवस २९ फेब्रुवारीला येतो. मैत्रिणी म्हणतात की तुझा वाढदिवस चार वर्षांतून एकदाच येतो. (इयत्ता चौथी, कामठी)

तारीख चार वर्षांनी येते, पण तुझे वय दर वर्षी वाढते, तेव्हा २८ फेब्रुवारी किंवा १ मार्च यांपैकी आवडेल त्या दिवशी वाढदिवस साजरा कर. आपले माजी पंतप्रधान मोरारजी देसाई तुझ्याच तारखेचे होते. त्यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा; त्यांना तर पहिल्या वेळी आठ वर्षे वाट पाहावी लागली, कारण ४०० ने भाग न जाणारे शतकाचे वर्ष लीप वर्ष नसते आणि १९०० मध्ये २९ फेब्रुवारी आलीच नाही. ती १९०४ मध्ये आली आणि नेमक्या त्याच दिवशी मदुराईत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा जन्म झाला, ज्यांनी पुढे भरतनाट्यम् नृत्याला समाजात मानाचे स्थान मिळवून दिले. १९७७ मध्ये मोरारजीभाई पंतप्रधान झाले, तेव्हा त्यांनी राष्ट्रपतिपदासाठी याच रुक्मिणीदेवींचे नाव पुढे केले होते. रुक्मिणीदेवींनी मात्र नकार दिला आणि त्या आपल्या कलेच्या कामातच राहिल्या.