वीस पुस्तकांची यादी आणि बहिणीचा अबोला

प्रश्न: ताई, यंदा मी भरपूर वाचलं. वर्ष संपताना आवडलेल्या वीस पुस्तकांची यादी करून भावंडांना आणि मैत्रिणींना पाठवली. सगळ्यांचे अंगठे आले, बस. जगाच्या राजकारणावर सतत वाद घालणाऱ्या भावाचाही अंगठाच. मुलं झाल्यापासून धाकट्या बहिणीचं वाचन सुटलंय, म्हणून तिला नेमाड्यांचं 'कोसला' नेऊन दिलं. तिने ते न वाचताच परत केलं. मालिका बघायला मात्र तिला वेळ असतो! तेव्हापासून मी तिच्याशी बोलत नाही. माझं चुकतंय का?

उत्तर: अबोला सोडा, हे आधी सांगते. पुस्तकापायी बहिणीशी बोलणं टाकायचं म्हणजे फारच झालं.

वीस नावांची यादी बघून कुणी पुस्तक हातात घेत नाही. मीही घेणार नाही. कुठून सुरुवात करायची हेच कळत नाही, मग माणूस अंगठा दाखवून मोकळा होतो. एका माणसाला एकच पुस्तक सुचवा, आणि ते त्यालाच का, हेही सांगा.

'कोसला' ही कादंबरी १९६३ सालची, अजूनही ताजी. पण तिचा नायक पांडुरंग सांगवीकर, त्याचा तो तिरकस सूर ज्याला लागत नाही, त्याला पन्नास पानांतच कंटाळा येतो. वाचनाची सवय मोडलेल्या बाईला सुरुवातीलाच ती द्यायची? तुम्ही तुमची आवड दिलीत, तिची विचारली नाहीत.

तिला 'बनगरवाडी' द्या. पातळ पुस्तक आहे. धनगरांच्या वाडीत आलेला पोरसवदा मास्तर, हळूहळू भरणारी शाळा, गावाने उभारलेली तालीम आणि मग दुष्काळ. माडगूळकर एक शब्द जास्तीचा लिहीत नाहीत. नाहीतर लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' द्या. ते जाडजूड दिसतं, पण प्रसंगाप्रसंगाने पुढे जातं. मुलं झोपल्यावर चार पानं वाचून मिटलं तरी धागा तुटत नाही. नवऱ्याचं धर्मांतर, ताटातूट, एवढं सोसूनही लक्ष्मीबाई स्वतःवर हसतात, हे तर मला दर वेळी नवल वाटतं.

भाऊ सतत जगाच्या राजकारणावर वाद घालतो म्हणता, त्याला 'रणांगण' द्या. १९३९ची कादंबरी. जर्मनीतून जीव घेऊन निघालेले ज्यू आणि एक मराठी तरुण एकाच बोटीवर. दमल्याभागल्या माणसाने झोपताना वाचावं असं ते नाही, त्याला चालेल.

आता जरा लागेल असं बोलते. बहिणीने 'कोसला' वाचलं नाही, यापेक्षा वर्षभर तुम्ही काय वाचलंत हे तिने एकदाही विचारलं नाही, हे तुम्हाला जास्त बोचलंय असं वाटतं. त्यावर पुस्तक देणं हा उपाय नाही. फोन करा, वाचलेला एखादा प्रसंग गप्पांच्या ओघात सांगा. पुढे काय झालं असं तिने विचारलं, तरच पुस्तक पाठवा.

आणि ती बघते ती मालिका कोणती? फोन करायच्या आधी तिचे दोन भाग बघून घ्या.