नर्सिंगनंतर संशोधन: एका वाहक वडिलांच्या पत्राला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपण बीड जिल्ह्यातील एका एसटी आगारात वाहक आहात; आपली मुलगी बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण करून दीड वर्षापासून छत्रपती संभाजीनगरातील एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून काम करते. आणि सरकारी भरतीच्या तयारीला लागण्याऐवजी तिने आता स्त्रियांचा ताण आणि आरोग्य या विषयावर संशोधन करण्याचे मनावर घेतले आहे, असे आपण लिहिले आहे. हे काम नर्सचे की डॉक्टरांचे, त्यासाठी नर्सिंग सोडून मानसशास्त्रात एम.ए. करावे का, आणि या नादात नोकरी व लग्न दोन्ही लांबणार नाहीत ना, असे आपण विचारता. शेवटी आपण लिहिता, "ताण कुणाला नसतो? त्यात शोधायचे काय?" हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला, म्हणून उत्तराची सुरुवात त्याच्यापासूनच करते.

आपल्याच पेशातले उदाहरण घेऊ. लंडनमध्ये जेरी मॉरिस हे डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये दुमजली बसचे चालक आणि वाहक यांच्या हृदयविकाराची तुलना प्रसिद्ध केली. बस तीच, रस्ता तोच, तरीही दिवसभर जिना चढउतार करून तिकिटे देणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा कमी निघाले. शरीराच्या हालचालीचा हृदयाशी असलेला संबंध दाखवणारा हा अभ्यास जगभर शिकवला जातो. पण मला त्याच्या पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. तीन वर्षांनी त्याच संशोधकांनी या कर्मचाऱ्यांच्या गणवेशाची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या पँटची कंबर तरुण वयापासूनच वाहकांपेक्षा मोठी असल्याचे दिसले. म्हणजे दोघांमधला सगळाच फरक कामाने घडवला होता असे नव्हे, काही फरक ती माणसे आपल्याबरोबर घेऊनच नोकरीत आली असावीत. आपल्याच निष्कर्षाला असा प्रश्न विचारण्याची शिस्त म्हणजे संशोधन, आणि ताणाच्या अभ्यासात तिची गरज फार मोठी आहे.

ताण मोजण्यासाठी मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांची १९८३ मधली एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. मागच्या महिन्यात किती वेळा गोष्टी हाताबाहेर गेल्यासारख्या वाटल्या, अशा प्रकारचे प्रश्न तिच्यात असतात. अशा प्रश्नावल्यांमध्ये स्त्रियांचे गुण पुरुषांपेक्षा बहुधा जास्त येतात, आणि तेवढ्यावरून "बायका मुळातच हळव्या असतात" असे म्हणून पुष्कळ जण मोकळे होतात. पण सकाळी घरचा स्वयंपाक उरकून इव्हिनिंग ड्युटीला येणारी, एका वॉर्डात एकटीने तीस-चाळीस रुग्ण सांभाळणारी आणि आठवड्याचे रोस्टर कुणीतरी परस्पर बदलले की मुकाट्याने नाइट करणारी सिस्टर, आणि त्याच रुग्णालयात टेबलामागे बसणारा पुरुष कर्मचारी यांची तुलना करताना आपण बाईपण मोजतो आहोत की कामाचा बोजा? कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्येच मांडले होते की कामाचा रेटा मोठा आणि ते काम कसे करावे हे ठरवण्याचा अधिकार मात्र कमी, अशा जागी माणूस सर्वाधिक पिचतो. जगातील परिचर्या (नर्सिंग) कर्मचाऱ्यांमध्ये सुमारे ९० टक्के स्त्रिया आहेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये नोंदवले. त्यामुळे या पेशात स्त्री असण्याचा परिणाम आणि नर्स असण्याचा परिणाम एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की ते वेगळे करायला कुशल हात लागतो.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. आपल्या देशात आत्महत्येने मरण पावणाऱ्या दर दहा जणांत सुमारे सात पुरुष असतात. मराठवाड्यात राहणाऱ्या माणसाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. प्रश्नावलीत बाईचे गुण जास्त आणि मृत्यूच्या नोंदीत पुरुषांची संख्या जास्त, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. कोण बोलून दाखवते, कोण गिळून टाकते, कुणाची कोण विचारपूस करते, हे त्या दोन आकड्यांच्या मधले सगळे अजून नीट तपासायचे राहिले आहे. मानसशास्त्रज्ञ शेली टेलर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवून दिले की ताणाला शरीर कसा प्रतिसाद देते याच्या प्रयोगशाळेतील अभ्यासांत १९९५ पूर्वी स्त्रियांचा वाटा जेमतेम १७ टक्के होता. संकटात शरीर "लढा किंवा पळा" अशी तयारी करते, हा जो नियम पाठ्यपुस्तकात सर्व माणसांचा म्हणून शिकवला गेला, तो बहुतांशी पुरुषांवर तपासलेला होता.

आपली मुलगी म्हणते की पोटात दुखते, चक्कर येते अशी तक्रार घेऊन आलेल्या बायकांना "टेन्शन आहे" म्हणून परत पाठवले जाते, आणि याचा तिला त्रास होतो. तो त्रास रास्त आहे. आपल्याच जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची, एक खाडा पडला की पैसे कापले जाणार, आणि फडावर ना शौचालय ना पुरेसे पाणी. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांतला खाडा आणि कर्जाचा घोर शेवटी शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत कसा पोहोचतो, हे केवळ शरीरशास्त्राने किंवा केवळ मानसशास्त्राने उलगडत नाही. बाईच्या अंगाला हात लावून तपासणारी आणि तिच्याशी तिच्या बोलीत बोलणारी व्यक्ती तेथे लागते.

म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट आहे: हे काम नर्सचे आहे. अमेरिकेत १९७६ मध्ये टपालाने पाठवलेल्या प्रश्नावलीला सुमारे १,२१,७०० नर्सेसनी उत्तर दिले आणि एक अभ्यास सुरू झाला, आणि दर दोन वर्षांनी त्या उत्तरे पाठवत राहिल्या. रात्रपाळीचा हृदयाशी आणि कर्करोगाशी काय संबंध असावा, याविषयी आज जे माहीत आहे त्यातले बरेचसे या नर्सेसच्या चिकाटीमुळे माहीत आहे. इतकी वर्षे नर्सेस उत्तरे देत आल्या. आपल्या मुलीला प्रश्न तयार करायचे आहेत. आणि इंग्रजी प्रश्नावलीतला "स्ट्रेस" मराठवाड्यातल्या बाईला विचारायचा तर ती त्याला टेन्शन म्हणेल, की "जीवाला घोर लागलाय", "धसका घेतलाय", "काळजात धडधडतंय" असे सांगेल, आणि या चारही शब्दांचा अर्थ एकच आहे का, हे वॉर्डात दीड वर्ष काढलेली मुलगी कोणत्याही भाषांतरकारापेक्षा चांगले ओळखेल.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यातूनच येते. तिने नर्सिंग सोडू नये. मानसशास्त्रातील एम.ए. चांगले आहे, पण केवळ त्यावर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी होत नाही, त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला पुढचा अभ्यासक्रम करावा लागतो, आणि तोवर हातातली नर्सिंगची नोंदणी व अनुभव वाया जातो. एम.एस्सी. नर्सिंग दोन वर्षांचे आहे. बी.एस्सी.ला किमान ५५ टक्के गुण आणि त्यानंतर एक वर्षाचा अनुभव, या अटींपैकी अनुभवाची अट तिने पूर्ण केलीच आहे. तिने मानसिक आरोग्य परिचर्या ही शाखा घ्यावी, असे माझे मत आहे. सामुदायिक आरोग्य परिचर्या हा तितकाच योग्य दुसरा पर्याय ठरेल, विशेषतः तिला ऊसतोड कुटुंबांमध्ये काम करायचे असेल तर. या अभ्यासक्रमात प्रबंध लिहावाच लागतो, त्यामुळे संशोधनाची पहिली खरी तालीम तेथेच होते. महाराष्ट्रात या पदव्या बहुतेक ठिकाणी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या असतात. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत मनोविकार परिचर्येचे एम.एस्सी. आहे, तेथे जागा मोजक्या, पण प्रयत्न जरूर करावा.

नोकरीविषयीची आपली काळजी मी हलकी मानत नाही. दर महिन्याचा पगार म्हणजे काय, हे आपल्याला मी सांगायचे नाही. पण भरती आणि संशोधन यांतून एकच निवडावे लागते, हे खरे नाही. अधिपरिचारिकेच्या (सरकारी स्टाफ नर्सच्या) भरतीची जाहिरात आली तर तिने अर्ज अवश्य भरावा. सरकारी रुग्णालयातली दोन-चार वर्षे संशोधकाला जे शिकवतात ते महाविद्यालय शिकवत नाही, आणि तेथून उच्च शिक्षणासाठी रजा मिळण्याचे नियम आस्थापना शाखेत रुजू होतानाच विचारून ठेवावेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आरोग्य परिचारिकेची स्वतंत्र व्याख्या आहे, आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातही या परिचारिकेची गरज असते. लग्नाविषयी एवढेच विनवते की स्थळ पाहताना तिच्या पुढच्या शिक्षणाची गोष्ट पहिल्याच बैठकीत स्पष्ट बोलावी, नंतर कधीतरी पाहू म्हणून ठेवू नये.

मुलीसाठीही एक सूचना, ती तिला वाचून दाखवावी. एकाच कॉलेजातील साठ विद्यार्थिनींचा ताण मोजायचा, तासभर व्याख्यान द्यायचे, आठ दिवसांनी पुन्हा मोजून "फरक पडला" असे लिहायचे, तुलनेसाठी दुसरा गट ठेवायचाच नाही, असे प्रबंध दरवर्षी लिहिले जातात. तिने तो सोपा रस्ता धरू नये. आत्ता तिने एक वही करावी आणि ड्युटी संपल्यावर त्या दिवशी बायकांनी आपल्या त्रासासाठी वापरलेले शब्द, रुग्णाचे नाव-गाव न लिहिता, आठवून टिपून ठेवावेत. रुग्णांना प्रश्नावली देणे किंवा त्यांच्या कागदपत्रांतून माहिती घेणे मात्र संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिक समितीची लेखी परवानगी मिळेपर्यंत टाळावे.

तिची चारही वर्षांची गुणपत्रके आणि नोंदणी प्रमाणपत्राची प्रत घेऊन आपण दोघे एकदा भेटायला या. तिची नाइट संपल्याच्या दिवशी येऊ नका, तिला झोप घेऊ द्या.

कळावे,
आपली,
करिअर समुपदेशक