पहिलं सॅलड करतेयस? आधी पानं कोरडी कर

अगं सुरुवातीलाच ड्रेसिंगच्या सात-आठ बाटल्या आणून ठेवू नकोस, झाकणाची एक बरणी पुरते. ३ चमचे ऑलिव्ह ऑइल, १ चमचा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर, अर्धा चमचा तयार मस्टर्ड (म्हणजे बाटलीत मिळणारी मोहरीची पेस्ट), मीठ, झाकण लावायचं आणि जोरात हलवायचं, मस्टर्डमुळे तेल नि आंबट लगेच वेगळं होत नाही. आंबट जास्त आवडत असेल तर तेल २ चमचेच घे, मी तेच करते. आणि पानं धुतली की फडक्यावर पसरून अगदी कोरडी कर, हे सगळ्यात महत्त्वाचं, ओल्या पानांना ड्रेसिंग चिकटतच नाही, सगळं तळाला जातं. माझं पहिलं सॅलड म्हणजे पाण्यात पोहणारा पाला होता, घरच्यांनी बिचाऱ्यांनी निमूट खाल्लं.

ग्रीक सॅलडपासून सुरू कर, पारंपरिक प्रकारात लेट्यूस नसतंच, टोमॅटो, काकडी, कांदा, ऑलिव्ह आणि वर फेटा चीजचा जाड तुकडा. फेटा खारट, म्हणून मीठ चाखूनच घाल. लेबनॉनचं तब्बूले, म्हणजे पार्सलीचं सॅलड, करशील तेव्हा पार्सली (कोथिंबिरीसारखी दिसणारी पानं) भरपूर आणि बुलगुर (उकडून वाळवलेल्या गव्हाचा दलिया) मूठभरच, बरेच जण उलटं करतात. पार्सली धारदार सुरीनेच चीर हं, मिक्सरला लावलीस की चटणी झालीच.

गोडाला खजूर आणि भाजलेले बदाम मिक्सरमध्ये फिरवून गोळे वळ. खजूर कडक असेल तर १० मिनिटं गरम पाण्यात ठेव पण नीट निथळून घे, नाहीतर चिखल होतो. आणि वरून साखर घातली नाही म्हणून दहा खाऊ नकोस, खजुरात साखरच असते गं!