शेतातलं २०० चौरस फुटांचं घर आतून पर्यावरणपूरक आणि आरामशीर कसं करू? फर्निचर कोणतं घेऊ?

फर्निचरचं शेवटी सांगते. आधी भिंतीचं. लहान घरात भिंत हेच निम्मं फर्निचर असतं, आणि याच गोष्टीवरून माझं आणि दादाचं सहा वर्षं वाजलेलं आहे.

आमचं जुनं घर लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, आणि दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती. आजीच्या उशाशी भिंतीत एक देवळी, म्हणजे कोनाडा, होती. चिमणीच्या काजळीनं तिची कड काळी पडलेली. आत काडेपेटी, पानाची चंची, सुई खोचलेला दोऱ्याचा गुंडा. अंधारातसुद्धा आजीचा हात न चाचपडता तिथं जायचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपात, ती भिंत पडली. दादा तेव्हा बारा वर्षांचा. त्यानं आजीला दोन्ही हातांनी उकरून बाहेर काढलं. ती वाचली.

म्हणून मी आईसाठी शेतात दहा बाय वीसची खोली काढली तेव्हा दादा म्हणाला, "आईला परत मातीत घालतीस का?" त्याला चारी बाजूंनी पत्रा, आतून प्लायवूड आणि भिंतीत दुमडणारा पलंग हवा होता. त्याची भीती खरी आहे, पण दोष तो भलत्याला देतो. किल्लारी भागात माणसं गेली ती गोल दगडांच्या दुपदरी भिंतींखाली. दोन पदर बांधून ठेवणारा आरपार दगड त्यांत नव्हता, आणि डोक्यावर माती चढवून चढवून जड झालेलं माळवद होतं.

मी दीड विटेची, म्हणजे साडेतेरा इंच जाड, भिंत घेतली. खिडक्यांच्या माथ्यावरून चारी भिंतींना सलग सिमेंट-सळईचा पट्टा फिरवला. वर हलका पत्रा, त्याला बाहेरून पांढरा रंग. पत्र्याखाली वीतभर फट सोडून बांबूचे तट्टे बसवले आणि दोन्ही टोकांना जाळी ठेवली, म्हणजे तापलेली हवा वरच्या वर निघून जाते. आतून माती-शेण-भुशाचा गिलावा, खाली शहाबादी फरशी. आणि देवळ्या, नऊ इंच खोल. डबे, औषधं, पुस्तकं, देव, सगळं भिंतीतच मावतं. देवळ्या उत्तर आणि पूर्व भिंतीतच काढा, कोपऱ्यापासून दोन फूट सोडून. मी एक पश्चिमेला काढली. तिथं पाठीला साडेचार इंचच वीट उरते. मे महिन्यात दुपारी त्यातली खोबरेलाची बाटली हाताला गरम लागते.

चारी बाजूंनी पत्रा असलेल्या खोलीत कूलर लागतो आणि कूलर घागरीनं पाणी पितो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या जिल्ह्यात कूलरच्या भरवशावर उभ्या घराला पर्यावरणपूरक म्हणू नका. नकाशा काढताना पलंगाआधी पाण्याच्या टाकीची जागा ठरवा, आणि मोरीचं पाणी झाडाला जाईल असा उतार ठेवा.

हो, दीड विटेच्या भिंतीनं नऊ इंचीपेक्षा आतली वीसेक चौरस फूट जागा जाते, हे धरून चाला. मातीच्या गिलाव्याला दरवर्षी हात फिरवावा लागतो. घरात करणारं कुणी नसेल तर चुन्याचा करा. रान काळं असेल तर पाया मुरमापर्यंत न्या, नाहीतर पहिल्या पावसाळ्यानंतर भेगा मोजत बसाल. पट्ट्याचं काम माहीतगार इंजिनिअरला दाखवूनच करा.

आता फर्निचर. प्लायवूड नको, शेतात वाळवी सोडत नाही. खिडकीखाली गुडघ्याएवढ्या उंचीचा कट्टा बांधा, म्हाताऱ्या माणसाला जमिनीवरून उठावं लागत नाही. झोपायला नवारीची बाज, दिवसा भिंतीला उभी. ती हलकी घ्या आणि दारातून निघेल अशा मापाची. दादा येतो, आईपाशी बसून जेवतो आणि बाज उचलून बाहेर लिंबाखाली नेतो. त्या भिंतींच्या आत तो अजून झोपलेला नाही.