पीपीई उतरवायला शिकवताना

सांगली जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या कर्मचाऱ्यांना पीपीईचे (हातमोजे, गॉगल, गाऊन, मास्क अशा संसर्गापासून बचाव करणाऱ्या पोशाखाचे) प्रशिक्षण देण्याची जबाबदारी तुमच्याकडे प्रथमच आली आहे, म्हणून आग्रहाने सांगते की, निम्म्याहून अधिक वेळ पोशाख उतरवण्याच्या सरावाला द्या. कारण घालताना तो स्वच्छ असतो आणि संसर्गाचा खरा धोका दमलेल्या अवस्थेत घाईने तो काढताना असतो. आधी हातमोजे, मग गॉगल, मग गाऊन आणि खोलीबाहेर आल्यावर शेवटी मास्क, हा क्रम नुसता पाठ करून भागत नाही. सरावाच्या वेळी हातमोज्यांवर आणि गाऊनच्या पुढच्या भागावर कालवलेली हळद लावा (आपल्या सांगलीत ती कमी नाही) आणि पोशाख उतरल्यावर मनगटावर, गळ्याशी, कानामागे पिवळा डाग कुठे उमटला, ते प्रत्येकाला स्वतः शोधू द्या. डाग दिसला म्हणून कोणाला रागावू नका. शांतपणे पुन्हा करून घ्या.

एन-९५ मास्क ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडवतो, पण त्याच्या कडा चेहऱ्याला घट्ट बसल्या तरच. दाढीमुळे फट राहते, हे संकोच न बाळगता सांगा. दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोराने श्वास सोडायला लावा आणि कडेने हवा निसटत असल्यास नाकावरची पट्टी पुन्हा दाबून बसवून घ्या.

सफाई कर्मचाऱ्यांना या प्रशिक्षणातून कधीही वगळू नका. वापरलेले हातमोजे लाल पिशवीत आणि मास्क पिवळ्या पिशवीत टाकण्याचा सराव त्यांच्यासोबत परिचारिका व डॉक्टरांकडूनही करून घ्या.