पंगतीत बसू की नको?

मावशी,
मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. वय ३४, एक मुलगा. दिवाळीनंतर नागपूरला माझं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं, स्लीव्हचं, म्हणजे पोटाचा मोठा भाग कापून नळीएवढंच ठेवतात ते. तेव्हा ११८ किलो होते, आता ९१ आहे. गावात आम्ही पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन म्हणून सांगितलं. सोयाबीनचे सगळे पैसे त्यात गेले, म्हणून सासूबाई अजून घुश्श्यात आहेत. पंधरा दिवसांपूर्वी चुलत दिराच्या लग्नात पंगतीला बसले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "जेवत काहून नाही व?" आणि वाढप्याला हाक मारून पानात आणखी पोळी टाकायला लावली. तिसऱ्या घासाला उठले आणि मंडपामागे जाऊन उलटी केली. आता बाया म्हणतात, हिला मोठी बिमारी आहे. तशी उलटी आठवड्यातून दोन-तीनदा होतेच. केस मूठमूठ गळतात. गोळ्या दोन महिन्यांपासून बंद आहेत, हे म्हणाले, "आता बरी आहेस ना." सासूबाईंचं चाललंय, बारीक झालीस तर दुसरं होऊ दे. आणि एक सांगायची लाज वाटते. रात्री सगळे झोपले की मी चिवड्याचा डबा उघडते, वास घेते आणि रडते. ऑपरेशन करून चूक केली का?

पोरी,
शेवटच्या प्रश्नाकडे नंतर येते. आधी उलटी. मी काही डॉक्टर नाही, पण माझ्या धाकट्या बहिणीचं हेच ऑपरेशन झालंय. तिच्या प्रत्येक तपासणीला दवाखान्याच्या बाकड्यावर मी सोबत बसले, त्यामुळे बरंच कानावर पडलंय. पाच महिने झाल्यावरही आठवड्यातून दोन-तीनदा उलटी होत असेल, तर ती अंगावर काढायची नसते. बहुतेक वेळा कारण साधं निघतं: घास मोठा, चावणं कमी, जेवता जेवता पाणी. पण कधी पोटाची उरलेली नळी एखाद्या जागी आवळलेली असते, आणि ते तपासल्याशिवाय कळत नाही. शिवाय बी-१ जीवनसत्त्व अंगात फार साठत नाही. उलट्या चालू राहिल्या की ते संपतं. मग पायाला मुंग्या येतात, तोल जातो, एकाचे दोन दिसतात. तिथवर जाऊ द्यायचं नाही. याच आठवड्यात नागपूरला फोन कर. ज्या दिवशी पाणीही टिकणार नाही, त्या दिवशी फोन करत बसू नकोस, सरळ गाडी काढायला लाव.

त्याच फोनवर गोळ्यांचंही विचारून घे आणि पुन्हा सुरू कर. तुझ्या नवऱ्याला वाटतंय, त्या गोळ्या जखम भरायच्या होत्या. जखम केव्हाच भरली. पोटाचा पाऊण हिस्सा, थोडा जास्तच, काढलाय. आता खाणं थोडकं आणि त्यातलं बी-१२ नि लोह आधीसारखं अंगी लागत नाही. म्हणून बी-१२, लोह, कॅल्शियम, डी या गोळ्या जन्मभराच्या आहेत. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकदम घ्यायची नाही, मध्ये दोन तास जाऊ दे, आणि लोहाची चहासोबत तर नाहीच. रक्ताच्या तपासण्या तालुक्याला करून रिपोर्ट मोबाइलवर पाठवता येतात, त्यासाठी दरवेळी नागपूर गाठायची गरज नाही. बीपीची किंवा साखरेची जुनी गोळी चालू असेल तर तेही सांग, वजन उतरलं की तो डोस जास्त होतो नि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि वावरातून आल्यावर किराण्यातून अंगदुखीची जी गोळी सगळे घेतात, ती तुला बंद. तुझ्या पोटात तिने अल्सर होऊ शकतो.

आता पंगत. आपल्याकडच्या पंगतीला ज्याने 'नको' म्हणून पाहिलंय त्यालाच तुझं दुःख कळेल. पानावर हात आडवा धरला तर वाढपी बोटांच्या फटीतून वरण सोडतो! त्यात काकूंचा काही दुष्टावा नाही. पाहुणीचं पान रिकामं दिसलं की त्यांच्या जिवाला चैन पडत नाही. पण त्यांच्या मायेपायी तू मंडपामागे जायचं नाहीस.

माझ्या बहिणीने एक युक्ती काढली. निघण्याआधी तासभर घरी एक उकडलेलं अंडं किंवा वाटीभर दही खाऊन जायचं. मंडपात पोचलं की पदर खोचायचा आणि वरणाची बादली स्वतःच उचलायची. वाढणाऱ्या बाईला कोणी 'जेवलीस का' विचारत नाही, उलट घरची म्हणून कौतुक होतं. बसावंच लागलं तर शेवटच्या पंगतीला, घरच्या बायांत, जिथे घाई नसते. आधी वरण आणि भाजी, आलू-वांग्यातलं वांगं. पोळी शेवटी. पोळी नि मोकळा भात चावला न जाता उतरला की अडकतो, आणि मग तुला झालं तेच होतं. घास करंगळीच्या पेराएवढा. गिळला की हात मांडीवर. दुसरा घास उचलायची घाई हातालाच असते, म्हणून हाताला बसवायचं. गळ्याखाली दाब जाणवला की थांबायचं. आणखी एक घास बसेल असं वाटतं, तोच घास बाहेर येतो.

जेवणाआधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास पाणी नाही, हे तुला दवाखान्यात सांगितलंच असेल. पण आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात, पारा ४५ला टेकलेला असताना, हे पाळून दिवसाचं दीड-दोन लिटर पाणी पोटात घालायचं म्हणजे काम आहे. तू आता तांब्या तोंडाला लावू शकत नाहीस. पऱ्हाटी उपटायला गेलीस तर बाटली कमरेला, आणि तहान लागायची वाट न पाहता दर पाच मिनिटांनी एक घोट. पातळ ताकही चालतं. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय.

केसांचं सांगते. अंगाला मोठा धक्का बसला की तीन ते सहा महिन्यांनी केस गळतात, आणि प्रथिनं पोटात जात असतील तर बहुतेक वर्षभरात परत येतात. बाजारचं कुठलंही तेल आणू नकोस, त्या पैशाची अंडी आण. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात आणि वाटीभर पातळ वरणात पाच-सहा ग्रॅमच असतात, म्हणजे वरणावर भागणार नाही. अंड्यात सहा, पेलाभर दुधात साधारण तेवढीच. सोयाबीन विकून ऑपरेशन केलंस ना, आता थोडं घरीही ठेव: सोयावडी चांगली शिजवून, बारीक कुस्करून झुणक्यात घाल. तरीही कमीच पडेल, म्हणून डॉक्टरांनी दिलेली पावडर संपली की डबा पुन्हा भर.

दुसऱ्या मुलाचं: ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने दिवस राहू द्यायचे नसतात. अजून तुझंच अंग भरून निघायचंय. आणि वजन उतरलं की पाळी सुधारते, दिवस राहण्याची शक्यता वाढते, म्हणून 'इतकी वर्षं राहिलं नाही, आता काय राहणार' या भरवशावर राहू नका. साधन वापरा. कोणतं, ते डॉक्टरांना विचारा. सासूबाईंना हे तुझ्या तोंडून नको, नवऱ्याने सांगावं. सोयाबीनच्या पैशांचंही त्यानेच सांगितलं तर बरं, निर्णय दोघांचा होता.

गावाला खरं सांगू का, हे तू विचारलं नाहीस, पण पत्रभर तेच आहे. अख्ख्या गावाला तुझ्या पोटाचा हिशेब द्यायचं काही कारण नाही. खड्यांचं ऑपरेशन म्हणालीस तर म्हणालीस. (गंमत म्हणजे वजन झपाट्याने उतरलं की पित्ताचे खडे खरोखर होतात, तेव्हा उजव्या बरगडीखाली दुखलं तर तेही लपवू नकोस.) पण दोघींना सांग. एक जाऊबाई किंवा जिच्यावर भरवसा आहे अशी कोणी, जी पंगतीत तुझ्या शेजारी बसून तुझी पोळी गुपचूप स्वतःच्या पानात ओढेल. दुसरी आशाताई. रात्री-बेरात्री तुला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं आणि तिथल्या डॉक्टरला हे ऑपरेशन माहीतच नसलं, तर तो भलतीकडेच शोधत बसेल. डिस्चार्ज कार्डाचा फोटो नवऱ्याच्याही मोबाइलमध्ये असू दे.

आणि तो चिवड्याचा डबा.

याची लाज कसली? मला सांग, लग्न झाल्यापासून तू गरम पोळी कधी खाल्लीस? सगळ्यांना वाढून, गंजातलं उरलंसुरलं पुसून, उभ्या उभ्या. दिवसभरात तुझी म्हणावी अशी एकच वेळ होती, रात्री भांडी घासून झाल्यावरची. त्या वेळेला तुझ्यासोबत तो डबा होता, दुसरं कोणी नव्हतं. डॉक्टरांनी पोट कापलं, भूक लावणारा रस जिथे जास्त तयार होतो तो भागही गेला, पण रात्रीची ती वेळ तशीच रिकामी राहिली. तू रडतेस ते माणूस गेल्यासारखंच आहे. बहीणही रडायची, तिचं आलूबोंड्यावरून चालायचं. ती तेव्हा मला फोन करायची आणि आम्ही दोघी अर्धा तास कुणाकुणाची उणीदुणी काढायचो. तुझीही एखादी मैत्रीण, मामेबहीण असेल, तिला त्या वेळेला बांधून घे. महिनाभरात रडणं उतरलं नाही, किंवा जगणंच नको वाटू लागलं, तर नागपूरच्या त्याच डॉक्टरांना सांग. त्यांच्याकडे मनाचं बघणारी माणसंही असतात, आणि हे त्यांनी पुष्कळ वेळा ऐकलेलं असतं.

डबा मात्र फडताळात वरच्या कप्प्यात जाऊ दे. भूक आत्ता झोपली आहे, वर्षभरात ती हळूहळू जागी होते. तोवर हाताला जी सवय लागेल तीच पुढे राहील.

चूक केलीस का? ११८ किलोवर निंदायला बसून उठताना काय व्हायचं, ते तुलाच ठाऊक, मला नाही. आज वावरातून परत येताना किती वेळा थांबावं लागतं, ते मोज आणि मला लिही. मग बोलू.

आणि हो, ब्लाऊज आत्ताच आत घेऊ नकोस. वजन अजून उतरायचंय, शिलाईचे पैसे वाया जातील. सध्या पिना लाव.

तुझी,
मावशी